टेबल, लोखंडी, चाकांसह, एक नग

कंपाउंडर गेल्याला आठवडा झाला होता. हेडक्लार्क आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणे पडून ग्रीसच्या डबीचं झाकण शोधत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दचकून उठायला गेले आणि कपाळ गिअरबॉक्सवर आपटलं. त्यामुळे पुढची बातमी त्यांनी कपाळाला हात लावूनच ऐकली, असं म्हणायला हरकत नाही.

फोन मंडळाच्या अध्यक्षांचा होता. मंडळ म्हणजे ‘जुने ट्रॅक्टर जतन मंडळ’. एकूण सभासद सात, आता सहा. अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे ट्रॅक्टर नव्हता. दवाखान्याच्या भिंतीवर एका जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग टांगलेलं होतं, आणि दाढ काढताना ते पेशंटला तिकडे बघत राहायला सांगत. पण सात माणसांना एकदम बसता येईल अशी खोली त्यांच्या एकट्याकडेच होती, म्हणून ते अध्यक्ष.

“रविवारी सकाळी दहाला शोकसभा,” अध्यक्ष म्हणाले. “नगरपालिकेच्या सभागृहाच्या अंगणात. मुख्य भाषण तुमचं.”

“माझं?”

“मग कोणाचं? अठरा वर्षं दर रविवारी त्यांच्या शेडमध्ये कोण जाऊन बसत होतं? तुमच्याइतकं जवळचं दुसरं आहे कोण?”

हेडक्लार्कांनी कपाळ चोळलं. नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांना सगळे हेडक्लार्कच म्हणत, आणि अडचणीच्या प्रश्नाला उत्तर न देता तो प्रश्न आपोआप जुना होऊ द्यायचा, ही सवयही अजून शाबूत होती. खरी गोष्ट अशी होती की शेवटचे पाच महिने ते आणि कंपाउंडर एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण होतं बॉनेट. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक कंपाउंडरांच्या ट्रॅक्टरसमोर उभे राहून “वा, वा” करत होते. हेडक्लार्कांना त्यातला पहिला ‘वा’ सोसला. दुसरा सोसला नाही. ते पुढे झाले, बॉनेटच्या बाजूच्या फटींवर एकेक बोट ठेवत त्यांनी मोठ्यानं मोजलं, “सात, आठ, नऊ,” आणि परीक्षकांकडे वळून म्हणाले, “या मॉडेलला सात असतात. बॉनेट अस्सल नाही.” कंपाउंडरांनी एवढंच विचारलं, “झालं मोजून?” आणि ते खुर्ची उचलून लांब जाऊन बसले. पहिलं बक्षीस हेडक्लार्कांच्या ट्रॅक्टरला मिळालं. भिंतीवरचं घड्याळ. ते दिवाणखान्यात लागलं खरं, पण त्या दिवसापासून हेडक्लार्क वेळ बघायची झाली की मोबाइल काढून बघत.

एवढ्यावरच भागलं असतं तर ‘आपण खरं तेच बोललो’ या समाधानावर माणूस जगला असता. पण दोन महिन्यांनी एका जुन्या कॅटलॉगात त्यांना एक अंधुक चित्र सापडलं. मॉडेल तेच, खाली बारीक अक्षरात ‘निर्यातीसाठी’, आणि बॉनेटला फटी, भिंग लावून चारदा मोजल्या तरी, नऊ. आता जाऊन सांगायला हवं होतं. हेडक्लार्कांनी ठरवलं, या रविवारी जाऊ. मग ठरवलं, पुढच्या. रविवार काय, येतच असतात. कंपाउंडरच थांबले नाहीत.

“पाच महिने तोंडातून शब्द काढला नाहीत,” बायको म्हणाली, “आणि आता ऐकायला माणूस नाही तर वीस मिनिटं भाषण?”

“तू जरा गप्प बस. मला सुचू दे.”

सुचलं ते असं : ‘उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे नमूद करण्यात येते की, कंपाउंडर हे अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे होते.’ बायकोनं खांद्यावरून वाचलं.

“मनमिळाऊ? अहो, त्यांचं दूधवाल्याशी पटायचं नाही, पेपरवाल्याशी पटायचं नाही. डॉक्टरांच्या हाताखाली होते तेव्हा डॉक्टरांशी पटायचं नाही.”

“माझ्याशी पटायचं,” हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी कागद चुरगळला.

तिसरा कागद चुरगळताना त्यांना कल्पना सुचली. आपण कशाला बोलायचं? ट्रॅक्टरच बोलेल. कंपाउंडरांचा ट्रॅक्टर अंगणात मधोमध उभा करायचा, त्यावर त्यांचा फोटो ठेवायचा आणि ऐन वेळी इंजिन सुरू करायचं. त्या ठक-ठक आवाजात भाषणाची गरजच उरणार नाही. हेडक्लार्कांना आपलंच कौतुक वाटलं. ज्या कामात हात घालताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटे, त्या कामातून त्यांना बाहेर काढायला आजवर दरवेळी दुसरं कोणीतरी लागलेलं होतं. पण हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.

शेडची किल्ली मागायला ते कंपाउंडरांच्या घरी गेले. वहिनींनी किल्ली आणून हातात दिली.

“न्या की, भाऊजी. सुरू कोण करणार?”

“मीच. त्यात काय? अठरा वर्षं बघत आलोय.”

“बघत होतात, हे खरं आहे,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण पुन्हा मिटलं.

आता परवानगी. अंगण नगरपालिकेचं, तेव्हा अर्ज नगरपालिकेत. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि म्हणाल्या, “ट्रॅक्टर हे शेतीचं वाहन आहे. शोकसभा शेतीच्या कामात येत नाही.”

“मग शेतीचं नका धरू. नुसतं वाहन धरा.”

“नुसतं वाहन असेल तर मालकाची सही लागेल.”

“मालक वारले. त्यांचीच शोकसभा आहे.”

“मग वारस म्हणून नाव लावून घ्या आधी. तीन महिने लागतील.”

“सभा रविवारी आहे हो.”

“पुढे ढकला.”

खिडकीच्या या बाजूला उभं राहायची हेडक्लार्कांची ही पहिलीच वेळ. एकतीस वर्षं ते त्या बाजूला होते. ‘पुढे ढकला’ हे त्यांनी स्वतः किती जणांना, किती शांतपणे सांगितलं होतं! बाईंच्या आवाजातला तो थंडपणा ऐकून त्यांना राग यायला हवा होता. पण आधी आली ती दाद. काय सूर लागलाय, असं त्यांच्या मनात आलं. मग राग आला.

“बाई, मीही सरकारी नोकरीत होतो. यातून काही मार्ग?”

बाईंची नजर जराशी निवळली. “ट्रॅक्टरवर करणार काय तुम्ही?”

“फोटो ठेवणार.”

“मग ते टेबल झालं ना! टेबलाला परवानगी लागत नाही, नुसती नोंद लागते.” आणि त्यांनी पावती फाडली : ‘टेबल, लोखंडी, चाकांसह, एक नग.’ हेडक्लार्कांनी ती वाचली आणि त्यांचा ऊर भरून आला. कारकुनी अजून मेलेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ते शेडमध्ये शिरले. ट्रॅक्टर एका सिलिंडरचा, पुढून हँडल मारून सुरू करायचा. हेडक्लार्कांनी बाह्या वर केल्या, हँडल बसवलं आणि फिरवलं. इंजिन ‘हुं’ म्हणालं. पुन्हा फिरवलं. पुन्हा ‘हुं’. एखाद्या कंटाळलेल्या जावयानं सासऱ्याच्या गोष्टीला द्यावा तसा हुंकार. विसाव्या फेरीला हेडक्लार्कांचा घाम जमिनीवर ठिबकू लागला आणि शेडच्या दारात शेजारपाजार गोळा झाला.

“उतारावर सोडून द्या,” निवृत्त सुभेदार म्हणाले. “चालू नाही झाला तर निदान खाली तरी पोचेल.”

“हवा अडकली असेल,” बँकवाले म्हणाले. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण पोट बिघडलं तरी आणि बाजार पडला तरी त्यांचं निदान हेच असे.

समोरच्या शिक्षिकाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “त्याच्याशी प्रेमानं बोलून बघा. मालक गेलाय बिचाऱ्याचा.”

हेडक्लार्कांनी या सूचनेकडे तुच्छतेनं बघितलं. सगळे निघून गेल्यावर मात्र त्यांनी इकडे तिकडे बघून इंजिनाच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असायला हवा होता तिथे तोंड नेलं आणि म्हटलं, “चल बाबा, आता राग सोड.” मग पूर्ण ताकदीनं हँडल मारलं. इंजिनानं या वेळी ‘हुं’ केलं नाही. त्यानं उलटा झटका दिला, हँडल गर्रकन मागे आलं आणि हेडक्लार्कांच्या उजव्या मनगटावर असं बसलं की त्यांना शेडमध्ये दिवसाढवळ्या तारे दिसले.

हात गळ्यात अडकवून ते घरी आले. बायकोनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

“शोकसभा त्यांचीच आहे ना अजून? की तुमचीही बरोबरच उरकायची?”

शनिवारी मिस्त्री आले. मिस्त्रींनी जुनं डिझेल ओतून टाकलं, छोट्या कॅनमधून नवीन भरलं, त्यातलं निम्मं नळीतली हवा काढण्यात जमिनीवर सांडलं, फिल्टर धुतला, आणि इंजिन बंद करायची जी तार असते तीही साफ करायला म्हणून काढून खिडकीत ठेवली. चार तास खटपट केल्यावर ते हात पुसत म्हणाले, “साहेब, हे त्यांच्याच हाताचं होतं. त्यांच्याबरोबर गेलं.”

“आणि ती तार?”

“जे सुरूच होत नाही, त्याला बंद करायची तार कशाला?”

या युक्तिवादात हेडक्लार्कांना काही खोट काढता आली नाही. शेवटी रविवारी सकाळी मिस्त्रींच्या टेम्पोला दोर बांधून ट्रॅक्टर दोन गल्ल्या ओढत नेला. अंगणाच्या फाटकावर वॉचमननं पावती वाचली, ट्रॅक्टर बघितला, पुन्हा पावती वाचली.

“टेबल?”

“टेबल.”

“मोठं आहे,” वॉचमन म्हणाला आणि बाजूला झाला.

सभेला चाळीसेक माणसं आली. मंडळाचे सभासद, आळीतले लोक, कंपाउंडरांच्या हातची औषधाची बाटली ज्यांनी कधीकाळी नेली होती असे बरेच जण. बॉनेटवर फोटो ठेवला होता. फोटोतले कंपाउंडर, कोणीतरी चुकीचा पाना हातात दिला असावा, तसे बघत होते. वहिनी पुढच्या खुर्चीवर हात मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या. हेडक्लार्क त्यांच्या शेजारी, एका हातात भाषणाचा कागद, दुसरा हात गळ्यात. कागदावर मनमिळाऊ हा शब्द पुन्हा आलेला होता. बॉनेटबद्दल एक अक्षर नव्हतं.

अध्यक्ष प्रास्ताविकाला उभे राहिले. रोज लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना गप्प बसवणाऱ्या माणसाला माइक मिळाला की काय होतं, ते त्या दिवशी सगळ्यांनी अनुभवलं. पंधरा मिनिटांनी ते मुद्द्यावर आले.

“हा ट्रॅक्टर! मित्रहो, या ट्रॅक्टरला फक्त एकाच हाताची ओळख होती. दुसऱ्या कोणाच्याही हातानं तो कधी सुरू झाला नाही. काल नामांकित मिस्त्री हरले. आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी हात मोडून घेतला. तो हात आता नाही. आता हे इंजिन पुन्हा कधीही...”

“एक मिनिट,” वहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी ते हेडक्लार्कांच्या मांडीवर ठेवलं. ट्रॅक्टरपाशी गेल्या, फोटो उचलून अध्यक्षांच्या हातात दिला, आणि बॉनेट उघडलं. वॉचमनच्या पाण्याच्या किटलीतून थोडं गरम पाणी मागून घेऊन इंजिनाच्या डोक्यावर ओतलं. हवा जायच्या तोंडात बूचभर तेल सोडलं. डाव्या हातानं एक छोटा खटका वर उचलून धरला, उजव्यानं हँडल एकदा, दोनदा, तीनदा सावकाश फिरवलं, आणि चौथ्या फेरीला खटका सोडून दिला.

ठक. ठक-ठक. ठकठकठकठक...

चाळीस माणसांची तोंडं दंतवैद्याला आवडतील इतकी उघडली. हेडक्लार्क धावत पुढे गेले.

“वहिनी! तुम्ही?” ते ओरडले.

“गेली अकरा वर्षं मीच!” वहिनी त्यांच्या कानाशी ओरडल्या. “यांचा खांदा कधीच गेला होता! तुम्ही यायच्या आधी मी सुरू करून ठेवायची आणि चहा टाकायला आत जायची!”

“मग मला सांगितलं का नाही?”

“मंडळात कळता कामा नये, म्हणून यांनी शब्द घेतला होता! आणि तुम्ही तरी विचारलंत कुठे? सुरू कोण करणार म्हटलं, तर म्हणालात, मीच!”

आता प्रश्न एवढाच होता की हे बंद कसं करायचं. तार शेडच्या खिडकीत. डिझेलचा कॉक कित्येक वर्षं फिरलेला नव्हता, आणि हेडक्लार्कांनी डाव्या हातानं जोर लावताच त्याची मूठ त्यांच्या हातात आली. तेवढ्यात वॉचमन पावती फडकावत आला. तो काय म्हणतोय ते ऐकू येत नव्हतं, म्हणून तो पावतीवरच्या ‘टेबल’ या शब्दावर बोट ठेवून दुसरं बोट इंजिनाकडे दाखवत होता. टेबल मांडायची नोंद आहे, सुरू करायची नाही, असा त्याचा मुद्दा दिसत होता, आणि कायद्यानं तो बरोबरही होता.

“राहू द्या!” वहिनी म्हणाल्या. “टाकीत दोन-तीन कप डिझेल असेल! संपलं की थांबेल आपोआप!”

कार्यक्रमपत्रिकेवर पुढचा विषय होता : ‘दोन मिनिटे स्तब्धता.’ अध्यक्षांनी पत्रिकेकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं. छापलेला कार्यक्रम बदलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फोटो छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांना उभं राहायची खूण केली. चाळीस माणसं खाली मान घालून उभी राहिली. अंगणात धूर पसरला होता, खुर्च्या जागच्या जागी थरथरत होत्या, सभागृहाच्या काचा वाजत होत्या. सुभेदार ताठ उभे होते. शिक्षिकाबाई डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. कंपाउंडर आयुष्यात कधी कुठल्या सभेत दोन मिनिटं गप्प बसले नव्हते, ही गोष्ट सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आली असावी.

मग हेडक्लार्कांची पाळी आली. माइकचा काही उपयोग नव्हता. त्यांनी कागद उघडला, पण धुरात अक्षरं धड दिसेनात. त्यांनी पहिली दोन वाक्यं ओरडून म्हटली. पहिल्या रांगेतल्या बँकवाल्यांनी कानामागे हात नेला आणि नकारार्थी मान हलवली. म्हणजे कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

हे कळल्यावर हेडक्लार्कांना एकदम मोकळं वाटलं. त्यांनी कागद खिशात कोंबला आणि लोकांकडे पाठ करून ते ट्रॅक्टरकडे वळले. लोकांना वाटलं, ते इंजिनातलं काहीतरी बघताहेत.

“मनमिळाऊ वगैरे काही नव्हतास तू!” ते ओरडले. “हट्टी होतास! माझा पाना नेऊन सात वर्षं परत दिला नाहीस! पण रविवार उजाडला की मला तुझ्याकडे यायचं असायचं! गेले पाच महिने मी रविवारी सकाळी नुसता पार्किंगमध्ये जाऊन बसतोय! कॅटलॉगात सापडलं रे मला, नऊ फटींचं बॉनेट असतं! यायचं होतं सांगायला! आणि सात असत्या तरी मी ते चारचौघांत बोलायला नको होतं! मी काही खऱ्यासाठी बोललो नाही...”

इंजिन खोकलं. एकदा अडखळलं. आणि थांबलं.

“...मला पहिला नंबर हवा होता म्हणून बोललो!”

हे शेवटचं वाक्य अंगणाच्या चारी भिंतींवर आपटून परत आलं. अशी शांतता पसरली, की अध्यक्षांनी नकळत मनगटावरच्या घड्याळात बघितलं. स्तब्धता आत्ता सुरू झाली असं धरायचं की काय, असा त्यांना प्रश्न पडला असावा. मंडळाचे चार सभासद आळीपाळीनं आपल्या बुटांकडे बघू लागले. हेडक्लार्कांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. पण ती नगरपालिकेची फरसबंदी होती, तिलाही परवानगी लागली असती.

वहिनी उठून त्यांच्याजवळ आल्या.

“भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या, “ते बॉनेट खोटंच होतं.”

“काय?”

“आमच्या जुन्या लोखंडी कपाटाचं दार आहे ते. फटी मी पाडल्या, छिन्नीनं. सातच पाडायच्या होत्या. दोन जागी माप चुकलं, मग रांग सारखी दिसावी म्हणून नऊ केल्या.”

हेडक्लार्कांचं बोट आपोआप फटींवर गेलं. म्हणजे बरोबर होतो आपण! अठरा वर्षांतला कंपाउंडरांवरचा त्यांचा हा एकमेव निर्विवाद विजय, आणि त्याची त्यांनी आत्ताच चाळीस माणसांसमोर माफी मागून टाकली होती.

“मग ते बोलले का नाहीत माझ्याशी?”

“लाजेनं,” वहिनी म्हणाल्या. “हेडक्लार्कनं बरोब्बर ओळखलं, म्हणायचे. आता कोणत्या तोंडानं बोलवू? दर रविवारी सकाळी दोन खुर्च्या मांडायचे शेडमध्ये. दहा वाजले की एक उचलून ठेवायचे.”

हेडक्लार्कांनी खिशातून रुमाल काढला. डाव्या हातानं नाक पुसणं हे किती अवघड काम आहे, ते त्यांना तेव्हा कळलं.

सभा संपली, पण ट्रॅक्टर तिथेच राहिला. टाकी कोरडी, आणि मिस्त्री टेम्पो घेऊन केव्हाच दुसऱ्या कामावर गेले होते. वॉचमननं सांगितलं की टेबल संध्याकाळी पाचच्या आत हलवलं नाही, तर ते बेवारस सामानात जमा होईल. तेव्हा ढकलत न्यायचं ठरलं. वहिनी स्टिअरिंगवर बसल्या. मागून मंडळ, सुभेदार, बँकवाले, आणि फाटकापर्यंत म्हणून वॉचमनही. अध्यक्षांनी दोन्ही हात ट्रॅक्टरला लावले होते. जोर लावला होता की नाही याबद्दल पुढे मंडळात दोन मतं पडली.

हेडक्लार्क पुढच्या चाकाशी, एका हातानं ढकलत चालले होते. वळणावर ट्रॅक्टर जरा रेंगाळला तेव्हा वहिनींनी वरून खाली बघितलं.

“येत्या रविवारी या, भाऊजी. टाकी रिकामी झाली, आता सगळ्या नळीतली हवा काढावी लागेल. त्याला चार हात लागतात. माझे दोनच आहेत.”

“माझा सध्या एकच चालतोय, वहिनी.”

“तीन झाले की,” वहिनी म्हणाल्या आणि स्टिअरिंग वळवलं. “तेवढ्यात भागवू.”